मास्लोंनी पिरॅमिड काढलाच नव्हता

वडोदऱ्यात बी.एड. किंवा एमबीए करणाऱ्या आपल्या मुलांच्या वह्यांत माणसाच्या गरजांची उतरंड दाखवणारा ‘मास्लोचा पिरॅमिड’ हमखास असतो. तळाशी अन्न-पाणी, टोकाला आत्माविष्कार, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पूर्ण फुलवणं. सोबत पाठ केलेलं वाक्य: खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागी होत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली ज्या लेखात हा सिद्धांत मांडला, त्यात पिरॅमिड नाही. ती आकृती पुढे व्यवस्थापनावरच्या लेखनातून रुळली. पण खरं नुकसान त्या वाक्याने केलं आहे, आणि मास्लोंनी तर त्याच लेखात ते खोडून काढलं होतं. सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागलेल्या असतात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४०, आत्माविष्काराच्या १०, असं त्यांनी लिहिलं. हे आकडे मोजलेले नव्हते, कल्पना यावी म्हणून घेतलेले. म्हणजे सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्याफार भागत असतात.

क्रम बदलतो, हेही त्यांनीच सांगितलं. मूलभूत गरजा अपुऱ्या असतानाही काहींची सर्जनशीलता थांबत नाही. दांडिया बाजारात भाड्याच्या खोलीत राहून, शिकवण्यांवर भागवत तबल्याचा रियाज करणाऱ्या पोराला ‘आधी पोटाचं बघ’ सांगायचंच असेल, तर सांगा. त्यासाठी मास्लोंचा आधार मात्र घेऊ नका.