वचनाला ओवी म्हणणारी माणसं

चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेत आमच्या बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा नुसतं ‘हजर’ म्हणून भागत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि गेल्या रविवारचं वचन न चुकता म्हणायचं. अडखळलं की बाई पहिला शब्द देत. तरीही आठवलं नाही तर खाली बसायचं आणि पुढच्या रविवारी दोन वचनं म्हणायची. घरी आल्यावर आजी विचारी, “आज कितवी ओवी झाली तुझी?” ती बायबलच्या वचनाला ओवीच म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं. पहाटे चूल पेटवताना ती एकशे एकविसावं स्तोत्र म्हणे, तेही सुरात. डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र. लाकडं ओली असली की फुंकणीच्या मध्ये मध्ये ओळी तुटत, पण क्रम चुकत नसे.

देवाचं वचन पाठ करायची ही रीत मिशनरी साहेबांबरोबर बोटीतून आली, असं आपल्यातले पुष्कळजण धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. वचन पाठ म्हटल्यावर मिळायची ती बक्षिसाची रंगीत कार्डं बोटीतून आली. पण जे पाठ आहे तेच शेवटी प्रार्थना होऊन ओठांवर येतं, ही जाण त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि मराठी मुलखात ती आली तेव्हा तिला इथे आधीपासूनच ओवी भेटली.

मुळाशी जायचं तर बायबलच्या जुन्या करारापाशी जावं लागतं. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएली माणसाला आज्ञा आहे: ही वचनं हृदयात ठेव, मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोल. पहिल्या स्तोत्रात धन्य माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचं ‘मनन’ करतो. मराठीत ‘मनन’ म्हटलं की डोळे मिटून गप्प बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, पण त्या जागचं हिब्रू क्रियापद आवाजाचं आहे. यशयाच्या ग्रंथात तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतं आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही येतं. म्हणजे हे मनन पुटपुटत, घोळवत, घशातून करायचं आहे. आपल्याकडच्या ‘घोकणं’ या शब्दाच्या ते जास्त जवळ जातं. एकशे एकोणिसावं स्तोत्र तर पाठांतरासाठीच बांधल्यासारखं आहे. हिब्रू मुळाक्षरं बावीस, प्रत्येक अक्षरानं सुरू होणारी आठ-आठ वचनं, अशी एकूण १७६. पुढचं अक्षर आठवलं की पुढची ओळ हाती लागते.

येशूही याच वळणात वाढला. अरण्यात मोहात पडायची वेळ आली तेव्हा त्यानं तिन्ही वेळा अनुवादातलं वचन सैतानाच्या तोंडावर फेकलं. हाताशी ग्रंथाची गुंडाळी नव्हती, मनात होतं ते. वधस्तंभावर त्याच्या ओठी आलेली ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ ही आरोळी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि आत्मा पित्याच्या हाती सोपवतानाचे शब्द एकतिसाव्यातले आहेत. वेदनेनं स्वतःचे शब्द सुचेनासे होतात तेव्हा पाठ असलेलं स्तोत्र प्रार्थना होतं, याहून मोठा दाखला मला तरी ठाऊक नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पाखोमियसनं मठ उभारले. तिथे येणाऱ्याला वाचायला शिकावंच लागे, आणि निदान नवा करार व स्तोत्रसंहिता पाठ करावी लागे. हे संन्यासी चटया विणता विणता वचनं पुटपुटत. कॅसियन नावाच्या साधकानं त्यांच्यापाशी शिकून लिहून ठेवलं की सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा मला सोडवायला धाव, ही दिवसभर सतत म्हणत राहावी. पुढे युरोपातल्या मठांत आठवड्याला दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणायचा नेम पडला. ज्यांना लॅटिन येत नव्हतं अशी साधी माणसं त्याऐवजी दीडशे वेळा ‘नमो मरिये’ ही छोटी प्रार्थना म्हणू लागली, आणि रोझरीची माळ त्यातूनच घडत गेली.

आता आपल्या किनाऱ्याकडे. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू गोव्यात उतरला. त्याचं बहुतेक आयुष्य गोव्यातल्याच साष्टीत गेलं. तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेनं देवळं पाडली होती, जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या. हे झाकायचं कारण नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना प्रार्थना आणि दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं, पाठ करायला मिळत. पण कानाला सवय होती पुराणाची. संध्याकाळी चार माणसं जमून ऐकायची ती लांबलचक कथा, यमकावर मान डोलवायची जागा, हे सगळं रिकामं पडलं होतं. स्टीफन्सला ती पोकळी कळली. त्यानं ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली ओवी उचलली आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. १६१६ साली साष्टीतल्याच राचोलला ते ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते.

ओवीच का, हे कानानं ऐकलं की कळतं. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. पहिला चरण आठवला की त्याचं यमक दुसऱ्याला ओढून आणतं आणि आखूड चौथ्यावर श्वास घ्यायला जागा मिळते. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही अशी कथा तासभर म्हणता येते. सणावारी ख्रिस्ती मंडळी जमून हे पुराण गात. ते १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं गेलं. १६८४ साली गोव्यातल्या सत्तेनं स्थानिक भाषेवरच बंदी घातली, तरी ते मेलं नाही. मूळ छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. १९०७ साली मंगळूरला जी आवृत्ती निघाली ती ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून. आजीच्या तोंडातला ‘ओवी’ शब्द नेमका कोणत्या वाटेनं आला ते मी सांगू शकत नाही, पण तो ऐकला की मला राचोलच आठवतं.

देशावरची गोष्ट निराळी. तिथे पुस्तक आधी आलं. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यानं वैजनाथ शर्मा या मराठी पंडितांच्या मदतीनं नवा करार मराठीत केला, तो १८११ साली निघाला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईला पोचले. त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार १८२६ साली छापून झाला, ते वारले त्याच वर्षी. मुंबईकडून संपूर्ण मराठी बायबल हाती यायला १८४७ उजाडलं. पण अहमदनगर जिल्ह्यात जी माणसं खरोखर मोठ्या संख्येनं येशूमागे आली ती गावकुसाबाहेरची होती. त्यांना शाळेची पायरी कुणी चढू दिली नव्हती. त्यांच्या हाती पुस्तक देऊन काय होणार?

उत्तर १८६० च्या दशकात नगरलाच सापडलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. बायबलातलं एक वचन मुख्य अभंगाच्या जागी, मग साक्या, दिंड्या, आर्या, मध्ये मध्ये गोष्ट, आणि मागे टाळकऱ्यांनी धरलेलं ध्रुवपद. रात्रभरात ते वचन वीस-पंचवीस वेळा तरी कानावर पडणार. सकाळी शेतावर जाणारी बाई ते गुणगुणत जाणार. पाठ करून घ्यायची याहून चांगली शाळा कुणी काढली असेल असं मला वाटत नाही.

याच नगरला पुढे नारायण वामन टिळक आले. शाळेच्या पुस्तकातून ‘केवढे हे क्रौर्य’ आपण सगळ्यांनीच म्हटलेलं असतं, तेच हे टिळक. रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नव्या कराराची प्रत दिली, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या पदांनी प्रार्थनेची भाषाच बदलून टाकली. भाषांतरित गीतांत देव लांब, सिंहासनावर बसलेला वाटे. टिळकांच्या अभंगांत माणूस त्याच्याशी लेकरासारखा बोलू लागला.

पण या सगळ्या कहाणीत माझा जीव अडकतो तो पंडिता रमाबाईंपाशी.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि रानात गंगामूळला बिऱ्हाड केलं. १८५८ साली रमाबाईंचा जन्म तिथला. पुढे सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थं फिरू लागलं. दिवसभर आईला घरकामातून सवड नसे, म्हणून ती पहाटे शिकवी. रमाबाईंची आठवण आहे की झोपेनं जड झालेल्या लहान मुलीला आई कुशीत घट्ट धरून उठवी आणि पाखरांच्या किलबिलाटात धडा सुरू होई. पुस्तक नाही, पाटी नाही. आई म्हणे, मुलगी मागून म्हणे. अशा रीतीनं भागवताचे १८,००० श्लोक त्यांना पाठ झाले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण सगळी गेली. भावासोबत पायी फिरत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. त्यांचं पाठांतर आणि विवेचन ऐकून तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

कलकत्त्यातच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती माणसांना प्रार्थना करताना पाहिलं. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसली होती. या बहीण-भावाला वाटलं, ही माणसं खुर्च्यांची पूजा करतात! ती आठवण रमाबाईंनी पुढे मोकळेपणानं सांगितली आहे. त्या वेळी हाती आलेलं संस्कृत बायबल काही त्यांच्या मनात शिरलं नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईचे हे शब्द आहेत, म्हणून ते मला जास्त लागतात. तोंडपाठ असणं आणि देवाजवळ असणं यांतलं अंतर त्यांच्याइतकं कुणी मोजलेलं नसेल.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली वाचवून पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर आणल्या, त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना विचारलं, माझ्यासोबत रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला. दिवसातून दोनदा त्या जमत. जूनच्या अखेरीस तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं, रडून, ओरडून, गाऊन केलेल्या त्या प्रार्थना, त्याची बातमी जगभर गेली. मला मात्र त्याआधीचे सहा महिने मोलाचे वाटतात. बातमी होण्यासारखं काहीच नव्हतं तेव्हा त्या मुली रोज दोनदा येऊन बसत होत्या.

आणि मग ते बायबल. चालू मराठी बायबलातले जड संस्कृत शब्द आपल्या मुलींना कळत नाहीत, शिवाय त्या शब्दांना जुने अर्थ चिकटलेले आहेत, अशी रमाबाईंची तक्रार होती. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीनं सगळं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. खिळे जुळवायला केडगावच्याच बायका होत्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ओळ उजवीकडून डावीकडे भासते, एकेक काना, एकेक मात्रा चिमटीत धरून बसवावी लागते. दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींच्या बोटांखालून वचन असं अक्षरागणिक गेलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

बक्षिसाच्या कार्डांबद्दल थोडं. इंग्लंडात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सनं ग्लॉस्टरला गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली, त्या शाळांचं लोण इथवर आलं आणि त्यासोबत वचनामागे तिकीट द्यायची पद्धतही. माझ्याकडेही एक डबाभर कार्डं होती. वाईट काही नव्हतं त्यात, पण सूर गेला. आम्ही वचन सपाट, घाईनं, कार्ड मिळेपर्यंतच म्हणायचो. आजीचं स्तोत्र सुरात होतं म्हणून ते तिच्या कामात मिसळलं. आमचं रविवारपुरतं राहिलं. आजही मुलांना वचन शिकवायचं झालं तर मी आधी चाल लावते.

आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेला तेविसावं स्तोत्र सगळे मिळून म्हणतात. सासूबाईंच्या तोंडी जुनं भाषांतर आहे, माझ्या तोंडी त्याची सुधारलेली आवृत्ती, आणि मुलगा फोनवरच्या सोप्या मराठीतलं शिकलाय. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इथपर्यंत तिघांचा आवाज एक असतो. मग सासूबाईंना आणि मला ‘काही उणे पडणार नाही’, तर त्याला ‘ज्याची गरज आहे ते सर्व’ जवळ मिळतं, आणि ओळी एकमेकींवर चढतात. आधी मी त्याला थांबवून दुरुस्त करायची, आता करत नाही. मृत्यूच्या दरीपाशी आलो की सासूबाई आवाज खाली आणतात, आम्हीही आणतो, आणि ‘आमेन’ला तिघं पुन्हा बरोबर पोचतो.