हवेतला ठोसा पायातून निघतो

शॅडो बॉक्सिंग म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव. त्याला ना ठोसे मारायची पिशवी लागते, ना ग्लोव्हज. दोन पावलं मागेपुढे सरकता येतील एवढी जागा पुरते. पण घरी करणारे बरेच जण नुसते हात झाडतात. खांदे भरून येतात, धाप मात्र लागत नाही. दम लागायचा तर मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू कामाला लागले पाहिजेत. जास्त ऑक्सिजन तेच मागतात.

उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा. पावलांत खांद्यांइतकं अंतर हवं. दोन्ही एका रेषेत आली की तोल जातो. गुडघे सैल, मागची टाच किंचित उचललेली, मुठी गालांपाशी, कोपरं बरगड्यांजवळ, हनुवटी खाली.

पुढच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब. तो लवकर जमतो. मागच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे क्रॉस. तो मात्र सावकाश शिकावा. आधी मागचा चवडा जमिनीला रेटतो, टाच बाहेर वळते, मग कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. टाच वळलीच नाही तर कंबर फिरते, पाऊल जागीच राहतं आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून पहिले काही दिवस हात गालाशीच ठेवून नुसती टाच आणि कंबर वळवायचा सराव करणं फार मोलाचं.

दुसरी नाजूक जागा कोपराची. पिशवीवर मारलेला ठोसा पिशवी अडवते, हवेतला आपल्यालाच अडवावा लागतो. हात पूर्ण ताणला की कोपराच्या मागचं हाड सांध्याच्या खाचेत आपटतं. कोपरात थोडा वाक शिल्लक असतानाच मूठ त्याच वाटेने, तेवढ्याच वेगाने गालापाशी परत आणा. हातात डंबेल तर नकोतच. त्यांचं वजन हात खाली ओढतं आणि ठोसा थांबवताना कोपरावरचा ताण वाढवतं.

प्रत्येक ठोशाला तोंडाने छोटा उच्छ्वास सोडा. श्वास कोंडला की रक्तदाब वर चढतो. ज्यांना तो त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ऑलिम्पिकमध्ये 3 मिनिटांच्या 3 फेऱ्या होतात, मध्ये 1 मिनिट विश्रांती. नवख्याने 5 मिनिटं अंग गरम करून 30 सेकंद काम, 30 सेकंद विश्रांती अशा 6 फेऱ्या कराव्यात. हात खाली उतरू लागले की फेरी तिथेच थांबवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करू नका, चवडा निसटतो. जाड सतरंजीवर उलट पाऊल अडकतं आणि टाच वळत नाही.