चहात साखर किती, हे कोण ठरवतं?

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या ओळखीच्या एक मावशी विड्या वळतात. शेजारी बसून त्यांचा मुलगा तयार बंडलं टोपलीत ओळीनं लावतो. ओळ जरा वाकडी झाली की सगळी पुन्हा लावतो. वय चाळिशीच्या आसपास, डाऊन सिंड्रोम, म्हणजे गुणसूत्रांतल्या फरकामुळे जन्मतःच येणारी बौद्धिक अक्षमता. घरात तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी. मावशींचा प्रश्न एकच असतो, "माझ्या मागं ह्याचं कसं?"

हा प्रश्न तसा नवा आहे. १९४९ मध्ये लायोनेल पेनरोज या शास्त्रज्ञानं डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान सुमारे १२ वर्षं असल्याचं नोंदवलं होतं. आज प्रगत देशांत ते साठीच्या घरात आहे. प्रतिजैविकं आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. पूर्वी आईबापांच्या डोळ्यांदेखत जाणारी मुलं आता त्यांच्या माघारी उरतात.

पाश्चात्त्य देशांत बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचा जुना तोडगा म्हणजे त्यांना कायमचं ठेवून घेणाऱ्या मोठमोठ्या संस्था. बाळ जन्मलं की डॉक्टरच सांगायचे, याला संस्थेत ठेवा आणि विसरा. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थांत असे १ लाख ९४ हजारांहून जास्त लोक होते. न्यूयॉर्कची विलोब्रुक संस्था ४ हजारांसाठी बांधलेली, तिथे १९६५ मध्ये ६ हजारांवर माणसं कोंबलेली होती. १९७२ मध्ये गेराल्डो रिव्हेरा या पत्रकारानं आतली दृश्यं टीव्हीवर दाखवली आणि देश हादरला. १९८७ मध्ये ती बंद झाली.

पण संस्था घाणेरडी होती म्हणून मुलं मागे पडली, असं म्हणून हा विषय मिटत नाही. मला जास्त मोलाचा वाटतो तो ब्रिटनमधला एक छोटा प्रयोग. १९५८ मध्ये जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञानं लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमधली बौद्धिक अक्षमता असलेली ३२ मुलं निवडली आणि सारख्या क्षमतेच्या १६ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतलं एक मूल हॉस्पिटलातच राहिलं. दुसरं ब्रुकलंड्स नावाच्या मोठ्या घरात गेलं. तिथे लहान गट होते, रोज त्याच ओळखीच्या बाया होत्या, खेळ होता, बालवाडीत असतो तसा दिवस होता. औषध नाही की खास उपचार नाहीत. दोन वर्षांनी हॉस्पिटलातल्या मुलांचं भाषेचं मानसिक वय, म्हणजे भाषा किती वयाच्या मुलाइतकी येते ते, सरासरी ६ महिन्यांनी वाढलं होतं. ब्रुकलंड्सच्या मुलांचं १४ महिन्यांनी.

असं का व्हावं? बौद्धिक अक्षमता केवळ बुद्ध्यांकावर ठरत नाही. आंघोळ, पैसे, रस्ता, बोलणं ही रोजची कामं माणूस कशी निभावतो, तेही तितकंच बघितलं जातं. आणि या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं जड जातं. वर्गात प्लास्टिकची नाणी बरोबर मोजणारा मुलगा दुकानाच्या फळीपाशी गोंधळतो. त्यातून शाळेत मराठी आणि घरी तेलुगू किंवा कन्नड असेल, तर आणखी एक उंबरा. म्हणून जिथे जगायचं तिथेच शिकावं लागतं. अमेरिकेत संस्थांतून छोट्या घरांत गेलेल्यांची रोजची कौशल्यं वाढली, असं बहुतेक अभ्यास सांगतात. संताप, स्वतःला मारून घेणं या बाबतींत मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत. जागा बदलली की सगळं सुटतं, असं नाही.

संस्थांतून बाहेर काढण्याच्या या बदलाला मोठा विरोध होता कुटुंबांचाच. पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्ट संस्थेतल्या १,१५४ लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. माणूस बाहेर यायच्या आधी बहुतेक नातेवाईक नकार देत होते. तो छोट्या घरात स्थिरावल्यावर त्यातल्या बहुतेकांचं मत उलटलं. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण आधी 'विसरा' म्हणणारी आणि नंतर 'न्या' म्हणणारी यंत्रणा एकच होती, मग त्यांनी विश्वास ठेवायचा कशावर?

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले. त्यातले बहुतेक घर सोडून संस्थेत कधी गेलेच नाहीत, मग संस्थेतून बाहेर काढायचं कुणाला? पण घरही संस्था होऊ शकतं. चाळिशीच्या माणसाला आई आंघोळ घालते, सदरा तीच काढते, चहात साखर तीच ढवळते. गर्दीत हरवेल म्हणून गड्ड्याच्या जत्रेला नेत नाही. हे सगळं मायेपोटी. उलट, अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर संस्थाच चालवतात, पण तिथल्या अनाथ दिव्यांग मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलंय.

कायदा पुढे गेलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कुणावर विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती करता येत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय ही १ लाखापर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. अठरा पूर्ण झाले की आईबापांचं पालकत्व कायद्यानं आपोआप संपतं, हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं. पुढे कायदेशीर पालक नेमायचा तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "कागद झाला. पण ह्याला भूक लागली की हा सांगल कुणाला?"

त्या बोलण्यातूनच ठरलं की त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात एकट्यानं पाठवायचं. हातात पिशवी आणि मोजके पैसे. मावशी दारात उभ्या, मान वळवून वळवून बघत. चहापत्ती आणायला गेलेला गडी शेंगाचटणीची पुडी घेऊन आला. मावशी आधी चिडल्या. मग डब्यातली कडक भाकरी काढली. त्यानं पुडी स्वतःच्या हातानं फोडली आणि आधी आपल्या ताटात घेतली.