मशीन नेमकं कधी ओरडतं ते आधी ऐका

आमचं टॉप लोड वॉशिंग मशीन १३ वर्षं जुनं, ६.५ किलोचं, ड्राय बाल्कनीत नळाशेजारी उभं. गेल्या पावसाळ्यापासून ते पिळायला लागलं की असा आवाज करायचं की आई हॉलमध्ये टीव्ही मोठा करायची, आणि मशीन थांबलं की तो मोठा केलेला टीव्ही एकटाच बोंबलत राहायचा. मेकॅनिक आला, झाकण उघडलं, ड्रम हाताने दोनदा हलवला, "गिअरबॉक्स गेलाय, जुनं मॉडेल आहे, नवीनच घ्या" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. मशीन चालू करून ऐकलंच नाही त्याने, ते मला खटकलं. कारण आवाज किती मोठा आहे त्यावरून फारसं काही कळत नाही, तो धुताना येतो का पाणी सोडताना का पिळताना, आणि त्याचा ठेका काय, यावरून निम्मं निदान स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधीच होतं.

आत काय असतं ते पटकन सांगतो. एकात एक दोन पिंपं. बाहेरचा प्लास्टिकचा टब पाणी धरून ठेवतो, आतला भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम कपडे धरतो, आणि ड्रमच्या तळाला ती फिरणारी तबकडी म्हणजे पल्सेटर. हा सगळा ऐवज मशीनच्या चार कोपऱ्यांतून चार दांड्यांवर पाळण्यासारखा टांगलेला असतो, या दांड्यांना मेकॅनिक लोक शॉकअप म्हणतात. टबच्या खाली मोटर, पट्टा, मोठी पुली आणि क्लच-गिअरबॉक्सचा गोळा. धुताना ड्रमला ब्रेक लागलेला असतो आणि फक्त पल्सेटर उलटसुलट फिरतो. पाणी सोडायची वेळ आली की एक छोटी मोटर ड्रेनचा व्हॉल्व्ह ओढते, आणि त्याच ओढीने ब्रेक सुटतो, क्लच जुळतो, मग ड्रम आणि पल्सेटर एकत्र गरगरायला लागतात. म्हणजे धुताना शांत आणि पिळतानाच बोंब असेल तर पल्सेटर बहुतेक सुटला, तो निर्दोष.

उलट धुतानाच खडखड येत असेल तर खिसे आठवा. पल्सेटरचा मधला स्क्रू काढून तो वर ओढला की खाली रुपयाची नाणी, सेफ्टी पिना, हेअरपिन, बटणं आणि साबणाचा चिकट राखाडी थर असं सगळं निघतं. आमच्याकडे एक लग्नातला नारळाच्या पिशवीचा घुंगरू निघाला होता, तो कुठल्या लग्नातला यावर अजून एकमत नाही. याला मेकॅनिक बोलवू नका.

आता पिळण्याकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे मशीनमधली चार पोलची, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांची, साधी इंडक्शन मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडी खाली, १४०० च्या आसपास फिरते, पट्टा आणि मोठी पुली तो वेग निम्मा करतात, आणि ड्रमला मिळतात साधारण ७०० फेऱ्या. म्हणजे सेकंदाला जवळपास १२. ऐकायला फार वाटत नाही पण गणित करून बघा. मध्यापासून २० सेंटिमीटरवर एका बाजूला १ किलो ओला टॉवेल जास्तीचा साचलाय असं समजा, तर या वेगाला तो ड्रमला बाहेर ओढतो ते सुमारे ११० किलो वजनाच्या जोराने. एक धष्टपुष्ट माणूस ड्रमच्या काठाला लोंबकळतोय आणि सेकंदाला १२ वेळा जागा बदलतोय, असं. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, म्हणून स्पिन सुरू होताना सगळं ठीक वाटतं आणि अर्ध्या मिनिटात मशीन भिंतीकडे चालायला लागतं.

गंमत म्हणजे ही जी ओढ आहे तिचा स्वतःचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ, आणि हे चाललंय १२ ला. ते पायाला फरशीतून जाणवतं, कानाला नाही. तुम्हाला जी धडाधड ऐकू येते ती टब पत्र्यावर आपटल्याची, किंवा पत्र्याचा एखादा स्क्रू ढिला असेल तर त्याची.

मग टब रोजच का आपटत नाही? टांगलेल्या टबचा स्वतःचा एक ठेका असतो, वरून दाबून सोडला की तो सेकंदाला एक ते तीन हेलकावे खातो. ड्रम वेग पकडताना त्या ठेक्याशी जुळणाऱ्या वेगातून जातो तेव्हा काही सेकंद मशीन जोरात हादरतं, थांबतानाही तसंच, मधे मात्र शांत. हा रेझोनन्स. आणि तो ओलांडल्यावर एक उलटी गोष्ट घडते, ड्रम आपल्या भूमितीच्या मध्याभोवती फिरायचा हट्ट सोडतो आणि वजनाच्या मध्याभोवती फिरायला लागतो, त्यामुळे जास्त वेगात तो जास्त शांत होतो. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १९ व्या शतकात हेच वापरलं होतं. दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र त्याचंच, म्हणजे आपल्या स्पिनचा चुलतभाऊ, पण नंतर वाफेचं टर्बाइन करताना त्याने जाड कडक दांड्याऐवजी मुद्दाम बारीक लवचिक दांडा घातला आणि मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत ते फिरवलं. दांड्याला थोडं वाकू दिलं की चाक स्वतःच आपला मध्य शोधतं.

ड्रमच्या वरच्या काठाला जी जाड प्लास्टिकची रिंग असते ती याच कामाची. तिच्यात मिठाचं पाणी सीलबंद असतं. ड्रम हाताने हलवल्यावर खळखळ ऐकू येते आणि लोकांना वाटतं पाणी अडकलंय, तर ते अडकलेलं नाही, भरलेलंच आहे. रेझोनन्सच्या वर गेल्यावर ते पाणी आपोआप हलक्या बाजूला जाऊन साठतं आणि तोल सावरतं. पण त्याच्या खालच्या वेगात तेच पाणी जड बाजूला जातं आणि उलट भर घालतं, म्हणून तेवढा टप्पा मशीनने पटकन पार करायला हवा. आणि रिंगमध्ये पाणी आहेच किती, ओली गोधडी सावरायची तिची ताकद नाही. गोधडी किंवा मोठी बेडशीट बाकीच्या कपड्यांना गुंडाळून गाठोडं करते आणि एका बाजूला बसते. रेनकोट तर पिळायला घालूच नका, त्याच्या घडीत पाणी कोंडून राहतं, भोकांपर्यंत पोचतच नाही, आणि पूर्ण वेगात ते एकदम सुटलं की तोल क्षणात जातो.

आमच्या मशीनमध्ये नुसतंच एक टी-शर्ट आणि दोन रुमाल टाकूनही धडधड येत होती, म्हणजे कपड्यांचा दोष नाही. आधी पाय बघितले. ड्राय बाल्कनीची फरशी जाळीकडे उतरती असते, मशीन त्या उतारावर उभं, आणि एका पायाचं रबर गायब. फोनमधलं लेव्हल बघणारं ॲप झाकणावर ठेवून पाय फिरवून सरळ केलं. (चाकांच्या स्टँडवर मशीन ठेवणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचा.) फरक पडला पण थोडाच. मग टब वरून दाबून सोडला. चांगल्या अवस्थेतला टब एखादा हेलकावा खाऊन थांबतो, आमचा पाच-सहा वेळा वरखाली होत राहिला. दांडीच्या खालच्या टोकाला स्प्रिंग आणि ग्रीस लावलेली प्लास्टिकची वाटी असते, तिच्यात घासल्यामुळे हेलकाव्याची ताकद उष्णता होऊन जाते, वाटी झिजली की नुसती स्प्रिंग उरते. चारही शॉकअप एकदम बदलले, एकच नवा घातला तर बाकीचे तीन त्याला एकट्याला राबवतात. वरचं कव्हर उचलून एकाने टब वर धरायचा, दुसऱ्याने दांडी खाचेतून काढायची, अर्ध्या तासाचं काम. अर्थात प्लग काढून, आणि मोटरच्या कपॅसिटरला हात न लावता, कारण प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून बसलेला असू शकतो.

धडधड गेली. आणि मग तिच्याखाली दबलेली घरघर नीट ऐकू यायला लागली.

घरघर फक्त पिळतानाच, वेगाबरोबर चढणारी. मोटरचा हमम् वेगळा असतो, ५० हर्ट्झच्या विजेत चुंबकाची ओढ दर आवर्तनाला दोनदा होते म्हणून तो १०० हर्ट्झला पक्का चिकटलेला असतो, ड्रम हळू फिरो की जोरात. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप आहेत, त्यात तो १०० वरचा काटा हलत नाही आणि घरघरीचा गठ्ठा वर सरकत जातो हे डोळ्यांनी दिसतं. मग पट्टा उतरवला, मशीन परत सरळ उभं करून लांबूनच मोटर एकटी चालवून बघितली, तर नुसता हमम्. परत प्लग काढला, ब्रेकची पट्टी सोडवून मोठी पुली हाताने फिरवली, आणि बोटांना रव्यात फिरवल्यासारखं लागलं. खाली पत्र्यावर गंजाचे ओघळही होते.

झालं होतं ते असं. टबच्या तळाला, जिथून ड्रम फिरवणारा दांडा बाहेर येतो तिथे रबराचं वॉटर सील असतं. त्याचा ओठ झिजला की साबणाचं पाणी थेंबथेंब बेअरिंगवर, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या स्टीलच्या गोळ्यांच्या कड्यावर, उतरतं, आणि साबणाचं कामच मुळी ग्रीस सोडवायचं. ग्रीस गेलं की गंज, गंज आला की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे. ९ गोळ्यांचं बेअरिंग ७०० च्या वेगाला फिरत असेल आणि बाहेरच्या कड्यात एक खड्डा असेल, तर गोळ्या त्यावरून सेकंदाला साधारण ४२ वेळा आपटतात. इतके ठोके कान वेगवेगळे मोजू शकत नाही, तो त्याला घरघर म्हणतो. अशा वेळी खालून गंजावरचा स्प्रे मारायचा सल्ला हमखास मिळतो, आठवडाभर बरंही वाटतं, पण तो पातळ स्प्रे उरलंसुरलं ग्रीसच धुऊन काढतो.

खरं कष्टाचं काम ड्रम बाहेर काढायचं. पल्सेटरच्या खाली मोठा नट असतो, आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा क्षार त्यावर असा बसला होता की नट आणि दांडा एकच वाटावा. रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत ठेवला, क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लात फसफसत विरघळतं. सकाळी भाऊ, मी आणि एक लांब पाना, तेव्हा कुठे हलला. गिअरबॉक्सच्या गोळ्यातली बेअरिंग प्रेसवर दाबून बसवावी लागतात, ते घरी हातोडीने करू नये, आम्ही गोळा उचलून वर्कशॉपमध्ये नेला. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, समजा ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला ५ ने गुणायचं, २५ मिलिमीटरचा दांडा त्यात बसतो, त्यामुळे दुकानदाराला मशीनची कंपनी सांगायची गरजच पडत नाही. सोबत नवीन वॉटर सील घातलं, जुनं ठेवलं असतं तर वर्षभरात परत तेच. गिअरबॉक्सचे दात ठीक होते. दात झिजलेले असते, पत्रा खालून कुजलेला असता आणि त्यात सर्किट बोर्डही दगा देत असतं, तर मीही मेकॅनिकचंच ऐकलं असतं.

काढलेलं बेअरिंग अजून टीपॉयवर आहे. पुतणी ते आणि उरलेलं एक नवीन दोन बोटांत धरून आळीपाळीने कानाशी फिरवते, नवीन काहीच बोलत नाही म्हणून तिला जुनंच आवडतं.