वाळवी की कूज? खिडकीच्या चौकटीचा पाय मऊ लागतो तेव्हा

जुन्या वाड्याची किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घराची खिडकी. ऑइलपेंट वरून शाबूत, पण चौकटीचा उभा खांब जिथे खालच्या आडव्या लाकडाला मिळतो तिथे अंगठा दाबला की आत जातो. बहुतेक घरांत लगेच "वाळवी लागली" म्हणून औषध फवारलं जातं. पुष्कळदा तिथे वाळवी नसतेच, लाकूड कुजलेलं असतं. कुजीमागे बुरशी असते, आणि कीटकनाशकाला ती दाद देत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तोच खांब आणखी दोन बोटं मऊ झालेला दिसतो.

ओळखायला एक टोचा पुरतो. तो लाकडात तिरका खुपसून वर उचकटायचा. निरोगी सागाची लांब, धारदार कपची निघते. कुजलेलं लाकूड कट्‌कन आखूड तुटतं, रेषांच्या आडव्या भेगा पडून त्याचे काळपट चौकोनी तुकडे होतात. वाळवीने खाल्लेलं लाकूड मात्र रेषांच्या दिशेनेच पोखरलेलं असतं: मऊ थर खाल्लेले, कठीण थर वहीच्या पानांसारखे सुटे, आणि मधल्या पोकळीत माती. ती माती हीच खरी खूण. चौकटीमागच्या भिंतीवर मातीच्या नळ्याही शोधाव्यात. त्या बऱ्याचदा गिलाव्याच्या आतून येतात, त्यामुळे बाहेर दिसल्या नाहीत म्हणजे वाळवी नाही असं होत नाही. (माती कुठेच नाही, पण खसखशीसारखे कोरडे दाणे खाली पडतात, तर ती सुक्या लाकडात राहणारी वाळवी. तिचा जमिनीशी संबंध नसतो.)

कुजीचं कारण पाणी. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. म्हणून कूज नेहमी ठरावीक जागी सापडते: लाकडाची कापलेली टोकं, सांधे, झडपेची खालची पट्टी. ही टोकं पाणी नळीसारखं ओढून घेतात. जुना चुन्याचा गिलावा ओल सोडत असे. तो काढून चौकटीभोवती सिमेंट थापलं की लाकूड आणि सिमेंट यांच्या फटीत शिरलेलं पाणी आतच अडकतं. सागाचा गाभा हे बराच काळ सोसतो. मागच्या दुरुस्तीत लावलेला सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाचा किंवा आंब्याचा तुकडा दोन्ही शत्रूंपुढे लवकर हात टेकतो.

म्हणून कुजीत आधी पाणी तोडायचं. खालच्या आडव्या लाकडाला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि त्याच्या पोटाला साधारण 8 मिमी रुंद खाच हवी, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता तिथेच गळतो. मग कुजलेला भाग कापायचा, तोही दिसतो तेवढाच नाही, तर चांगल्या लाकडात आणखी 5 ते 7 सेंमी शिरून. जोड तिरका घ्यायचा आणि त्याचा उतार बाहेर ठेवायचा. आत उतरणारा जोड पाणी साठवतो. नवा तुकडा जुन्या सागाचा, रेषा जुळवून. बसवण्याआधी उघड्या टोकांना बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजायचं: 1 लिटर गरम पाण्यात 30 ग्रॅम बोरॅक्स आणि 20 ग्रॅम बोरिक ॲसिड. हे बुरशी आणि किडे दोन्हींवर चालतं, पण पावसाने धुऊन जातं, म्हणून लाकूड वाळल्यावर वर प्रायमर आणि रंग हवाच. हे काम फेब्रुवारी ते मेमध्येच करावं. ओल्या लाकडावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा भराव) किंवा लांबी (पुट्टी) भरली तर वरून टणक, आतून लगदा.

वाळवीत मात्र चौकट दुय्यम, वाट महत्त्वाची. नळ्या खरवडल्याने काही होत नाही, त्या पुन्हा बांधल्या जातात. लाकूड भिंतीला भिडतं तिथे दर 15 सेंमी अंतरावर 6 मिमीची, 45 अंशांत खाली उतरणारी भोकं पाडून त्यांत 1 टक्का क्लोरपायरिफॉस (वाळवी मारणारं कीटकनाशक) सोडतात, भोक पिणं थांबेपर्यंत किंवा एका भोकात फार तर अर्धा लिटर. 20 टक्क्यांचं औषध असेल तर 1 भागाला 19 भाग पाणी. हे विष आहे. हातमोजे, मास्क आणि परवानाधारक माणूस हवा. जमिनीतून येणारी वाट राहिली तर जोत्याच्या कडेलाही उपचार लागतो. लाकडाची ताकद उरली असेल तर चौकट बदलायची गरज नसते.

दोन्ही एकत्र सापडली तर? ओलं, कुजकं लाकूड वाळवीला अधिक सोपं, त्यामुळे असं पुष्कळदा होतं. तेव्हाही आधी पाणी, मग औषध.

चौकटीच्या पायाला डांबर किंवा गाडीचं काळं ऑइल फासण्याची जुनी खोड आहे. डांबराने आतली ओल बाहेर पडायची वाट बुजते, आणि काळ्या ऑइलवर नंतर कोणताही रंग धरत नाही.