विरजण युद्धाचं

खानापूर तालुक्यात घरटी एक फौजी म्हटलं तरी चालेल. माझे मामाही बेळगावच्या मराठा सेंटरमध्येच घडले. ह्याच मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात उपासमार आणि रोगराई सोसून अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली.

त्याच युद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये एक ब्रिटिश शिपाई आमांशानं गेला. त्याच्या पोटातला जंतू जपून ठेवला होता. शंभरएक वर्षांनी तपासला, तर त्याला पेनिसिलिन लागू पडेना! पेनिसिलिनचा शोध तर १९२८चा. म्हणजे औषधाआधीच त्याची तोड निसर्गात हजर होती. तिला फक्त मोकळं रान हवं होतं.

ते युद्धात मिळतं. दवाखान्यात वीज नाही, कुठला जंतू, त्याला कुठलं औषध चालेल हे तपासायला (कल्चर करायला) लॅब नाही. डॉक्टर हाताशी असेल ते जबर अँटिबायोटिक देतात. कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात. ड्रेनेज फुटून पिण्याच्या पाण्यात मिसळतं आणि तिथं जंतूंची देवाणघेवाण चालते. औषधाला दाद न देण्याची, म्हणजे प्रतिकाराची जनुकं अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात. एक जंतू त्याची नक्कल दुसऱ्याला देतो, परजातीच्यालासुद्धा. शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही, तसंच हे.

तोफगोळ्यांतलं शिसं, तांबं, पारा मातीत मुरतं, त्याचाही हात असतो. विषारी धातू बाहेर फेकायला जंतूंकडे पंप असतात; त्यातले काही औषधही बाहेर फेकतात. शिवाय धातू आणि औषध, दोन्हींना तोंड देणारी जनुकं बऱ्याचदा एकाच कड्यावर बसलेली. त्यामुळे अँटिबायोटिक नसतानाही नुसता धातूही औषधाचा प्रतिकार टिकवून धरू शकतो.

२००३नंतर इराकातून परतलेल्या अमेरिकी जखमींत अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा चिवट जंतू इतका सापडला की त्याला ‘इराकीबॅक्टर’ म्हणू लागले. इराकवर हा अन्यायच, कारण बराचसा संसर्ग फौजेच्याच फील्ड हॉस्पिटलांतला होता! पुढं २०२२पासून युक्रेनच्या जखमींमध्ये जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणारा क्लेब्सिएला नावाचा जंतू आढळला. जखमी उपचारांसाठी देश ओलांडतो, सोबत जंतूही.

हे सगळं मामांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग मागच्या तापातल्या उरलेल्या चार कॅप्सूल त्यांनी काळ्या ट्रंकेत टाकल्या.

“असू दे की. पुढच्या खेपेला होतील.”