लगीन कोंडाण्याचं, बस्ता अकरा आठवड्यांचा

वडील गेल्यानंतर गावाकडच्या जमिनीची वारसनोंद करायची होती. चार कागद गोळा करायचे आणि अर्ज टाकायचा, एवढंच काम. पण ते राहिलं तर पुढे सगळंच अडणार होतं. मी लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये एक तक्ता केला. कागद कोणता, कुणाकडे आहे, कधी मिळेल, शेरा असे रकाने. मग लाल, पिवळा, हिरवा रंग. धाकट्या चुलतभावाचा फोन आला, "दादा, अर्ज टाकलास का?" म्हटलं, "टाकतो रे, आधी सगळं नीट लावून घेतो."

त्या लावालावीत अकरा आठवडे गेले. मी आळशी आहे म्हणावं, तर त्याच अकरा आठवड्यांत वीजबिल वेळेवर भरलं, मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणलं आणि माळ्यावरची रद्दीसुद्धा काढली. म्हणजे कामं होत होती. जे करायचं होतं, तेवढं सोडून.

ही खोड माझ्या एकट्याची नाही. मेंग झू आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांपुढे दोन कामं ठेवली होती. एकाचा मोबदला जास्त, दुसऱ्याचा कमी. मात्र कमी मोबदल्याच्या कामावर 'थोडाच वेळ शिल्लक' अशी पाटी लावली, की ते निवडणारे वाढत. त्या मुदतीला तसा काही अर्थ नव्हता, दोन्ही कामांना वेळ पुरेसा होता. नुसत्या घाईच्या वासाने माणसं कमी फायद्याकडे वळली. वीजबिलावर शेवटची तारीख छापलेली असते. वारसनोंद मात्र रोज सकाळी डोळ्यांत डोळे घालून विचारत नाही.

घाई नसलेलं काम मागे पडतं, हे समजण्यासारखं आहे. पण मी तर त्याच कामाचा बेत आखत बसलो होतो! त्याचं काय?

चालढकल म्हणजे वेळेचं गणित चुकणं, असा आपला समज असतो. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये वेगळं मांडलं. त्यांच्या मते गोष्ट वेळेची कमी आणि मनःस्थितीची जास्त असते. कामाशी भीती, कंटाळा, दुःख असं काहीतरी चिकटलेलं असतं. काम बाजूला सारलं की ते टोचणं तेवढ्यापुरतं थांबतं. माझ्या कागदांतला पहिलाच कागद वडिलांचा मृत्यूदाखला होता. तो फाइलीतून काढून हातात धरण्यापेक्षा तक्त्यातला चौकोन पिवळा करणं सोपं होतं.

बेत आखल्यावर तर आणखी एक गंमत होते. अर्धवट राहिलेली कामं मनात घोळत राहतात आणि दुसऱ्या कामात लुडबुड करतात. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अशा कामाचा नेमका बेत ठरवला तर काम न होताही ही लुडबुड बरीच कमी होते. झोपताना ही सोय चांगलीच. पण माझ्या मते इथेच घोडं पेंड खातं. टोचणी हीच तर कामाला उठवणारी गोष्ट! ती बेतानेच शमली, तर उठायचं कशाला? दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचलं, की पुन्हा बेत. खाज आली की खाजवायचं, मलम लावायचं नाही.

नुसतं सुखस्वप्न रंगवण्याबद्दलही असंच काहीसं सापडलं आहे. कॅपेस आणि ओटिंगेन यांच्या २०११ च्या प्रयोगांत सगळं छान पार पडल्याची कल्पना करणाऱ्यांच्या अंगातली उमेद कमी झाली. ती मोजायला त्यांनी वरचा रक्तदाबही वापरला होता, आणि तो उतरलेला दिसला. शरीराच्या लेखी जणू काम झालेलंच होतं.

बरं, इतकं आखून बेत तरी खरा ठरतो का? १९९४ मध्ये बुएलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज निघाला सुमारे ३४ दिवसांचा. आणि सगळंच बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा आशावादीच होता. असे अंदाज बांधताना माणूस पुढचं चित्र रंगवत बसतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवत नाही. घराची रंगरंगोटी काढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

मग बेत टाकूनच द्यायचा? नाही. पीटर गॉलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात बेताचा एक अगदी आखूड प्रकार अभ्यासला: 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, मी अमुक करीन.' बस्स. ब्रिटनमधल्या २००२ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं व्यायाम करायचा होता. काहींना व्यायामाने हृदयविकार कसा टळतो हे वाचायला दिलं. त्यांच्यापैकी व्यायाम करणारे ४० टक्क्यांच्याही खाली राहिले, काहीच न वाचलेल्यांइतकेच. तेच वाचून शिवाय कुठे आणि कधी हे एका वाक्यात लिहून दिलेल्यांपैकी मात्र ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. ठरलेली वेळ आली, की 'आता करू का?' हा प्रश्न उरतच नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर गॅस बंद करायला आपण विचार करत नाही, तसं.

यात एक पाचर आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. डाल्टन आणि स्पिलर यांनी २०१२ मध्ये हीच युक्ती एका कामाला आणि सहा कामांना लावून पाहिली. एका कामाला फायदा झाला. सहांना लावल्यावर तो गळून गेला, कारण सहा बेत एकत्र दिसले की किती अवघड आहे हेच आधी डोळ्यांत भरतं. यादी लांबवणाऱ्यांनी हा प्रयोग फ्रिजवर चिकटवावा.

आता 'अवघड काम सकाळी सगळ्यात आधी उरका' या नेहमीच्या सल्ल्याकडे. त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं, की इच्छाशक्ती मोबाइलच्या बॅटरीसारखी दिवसभर उतरत जाते. १९९८ च्या एका गाजलेल्या प्रयोगातून ही कल्पना पसरली. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर ती तपासली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. शिवाय काहींचं डोकं पहाटे चालतं, काहींचं रात्री. तेव्हा रात्री जागणाऱ्याने पाचचा गजर लावून स्वतःचा छळ करू नये. सकाळच्या बाजूने मला पटणारं कारण साधं आहे: तोवर कुणाचा फोन आलेला नसतो.

एकदा हात घातला, की पुढचं काम थोडं आपसूक होतं. १९२८ मध्ये बर्लिनमध्ये मारिया ओव्हसियांकिना यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि मध्येच तोडली. मोकळा वेळ मिळताच, कुणी न सांगता, बहुतेक जण अर्धवट कामाकडे परत वळले. त्यांच्या सहकारी ब्लूमा झायगार्निक यांचा अपुरी कामं जास्त लक्षात राहतात हा निष्कर्ष जास्त प्रसिद्ध झाला. पण २०२५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र पाहिल्यावर स्मरणाचा तो दावा टिकला नाही, परत वळण्याची ओढ मात्र टिकली. ही ओढ काम सुरू केलेल्यालाच लागते. तक्ता भरणाऱ्याला लागते ती तक्त्याची.

बाराव्या आठवड्यात मी एक ओळ लिहून चहाच्या डब्याखाली ठेवली: 'उद्या पहिला चहा झाला की दाखल्याची झेरॉक्स.' कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला दहा मिनिटं लागली. दुकानदाराने विचारलं, "किती कॉपी?" मी काही ठरवलंच नव्हतं. पाच म्हटलं. परत आल्यावर कागद टेबलावर पडलेला दिसत होता, म्हणून जुना सातबारा शोधला. तो सापडला, म्हणून चुलतभावाला फोन केला.

पुढचं चार दिवसांत उरकेल असं वाटलं होतं. अर्ज जायला पंधरा दिवस लागले. तो एक्सेलचा तक्ता अजून लॅपटॉपवर आहे. परवा उघडून पाहिला, त्यात झेरॉक्सचा रकानाच नाही.